शेक संपले, आता घरी काय करायचं? कॅन्सरच्या उपचारानंतर म्हाताऱ्या माणसाला परत उभं करताना

मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, तिसावा आणि शेवटचा शेक (रेडिएशन) झाला आणि आम्ही नागपूरहून आर्वीच्या एसटीत बसलो तेव्हा मला वाटलं सुटलो एकदाचे. घरी आलो तर छपरीत (ओसरीत) अर्धी गल्ली जमलेली, आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला, शेजारचे काकाजी म्हणाले, "झालं जी आता, फक्त आराम करा, बिलकुल हलू नका." मामाजी बाजेवर पडले ते सव्वा महिना बाजेवरच राहिले. पाणी हातात, जेवण हातात, न्हाणीपर्यंत जायला दोन्हीकडून धरायला दोघं. सव्वा महिन्यानं कापूस तोलायच्या काट्यावर वजन केलं तर आणखी ४ किलो उतरलेलं आणि मांड्या हातात मावतील एवढ्या झालेल्या. ते ४ किलो आमच्या मायेनं उतरवले, हे मला नंतर कळलं.

म्हणून हे सगळं लिहून राहिली आहे, जे आम्हाला कोणी धड सांगितलं नाही ते. मामाजी ७१ वर्षांचे, गालाच्या आतून कॅन्सर, ऑपरेशन झालं, मग शेक आणि सोबत आठवड्याला केमो. आपल्याकडे तोंडाचेच पेशंट जास्त म्हणून त्यावर जास्त लिहिलंय, पण बाकीचं बरंचसं कोणत्याही कॅन्सरला लागू पडते. तुमच्या डॉक्टरनं वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, त्यांनी पेशंट पाहिला आहे, मी नाही.

हॉस्पिटल सोडायच्या आधी

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना गाडी पकडायची घाई असते, तिथेच चुकते. आमच्या हातात एक इंग्रजी कागद दिला आणि पुढची तारीख सांगितली, बस. त्या दिवशी अर्धा तास जास्त थांबा आणि चार गोष्टी विचारून वहीत मराठीत लिहून घ्या. एकूण उपचार काय झाला, म्हणजे किती शेक, शरीराच्या कोणत्या भागावर आणि केमोचं औषध कोणतं. पुढच्या महिन्यात कोणता त्रास होईल आणि त्यातला कोणता साधा, कोणता धोक्याचा. रात्री काही झालं तर फोन कोणत्या नंबरवर लावायचा. आणि आधीपासून चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या की बदलायच्या.

हा शेवटचा प्रश्न म्हाताऱ्या माणसासाठी फार महत्त्वाचा आहे आणि तो कोणीच विचारत नाही. मामाजी ५८ किलोचे होते तेव्हाची बीपीची गोळी ते ४६ किलोचे झाल्यावरही घेत होते, खाणं अर्धं, पाणी कमी, आणि गोळी तेवढीच. सकाळी बाजेवरून उठले की डोळ्यापुढे अंधारी. आम्ही म्हणायचो अशक्तपणा आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून आणि उभं राहून असा दोनदा बीपी मोजला तेव्हा कळलं की उभं राहिल्यावर बीपी पडते. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, चार दिवसांत चक्कर बंद. शुगरच्या गोळीचंही तेच, खाणं कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर एकदम खाली जाते. पण स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, मोजून, विचारून करा.

फाईलचे सगळे कागद, बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद, स्कॅनची सीडी, एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पावसाळ्यात आपल्या घरांत ओल येते. आणि प्रत्येक पानाचा फोटो घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा.

पहिले दोन-तीन आठवडे: त्रास वाढतो, घाबरू नका

शेक बंद झाले की त्रासही बंद होईल असं वाटते, होते उलटं. शेकाचा परिणाम शेवटच्या शेकानंतरही एक-दोन आठवडे वाढत जातो आणि मग हळूहळू उतरतो. तोंडात फोड, मानेची कातडी काळी पडून सोलते, लाळ चिकट होते, चव जाते. हे माहीत नसलं की घरचे म्हणतात आजार परत आला, आणि मग कोणी जडीबुटीवाल्याकडे नेते.

तोंडासाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, दिवसातून सहा-आठ वेळा चूळ भरायची, जेवणानंतर आणि झोपताना नक्की. पाणी रोज ताजं करा. बाजारातलं झोंबणारं माऊथवॉश नको. मानेच्या कातडीवर हळद, तेल, लेप, कोणी सांगितलेली पावडर काही लावू नका, फक्त डॉक्टरनं दिलेलं मलम. वस्तरा नको. खांद्यावरचा जाडाभरडा दुपट्टा त्या जागेवर घासतो, त्याच्याऐवजी जुन्या मऊ धोतराचा तुकडा चालते. आणि त्या भागावर ऊन पडू देऊ नका, आपल्याकडचं ऊन तर चांगल्या कातडीलाही सोसत नाही.

खाणं

घरात सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. "खा ना जी, खा ना" करून करून माणूस वैतागतो. चव नाही, लाळ नाही, गिळताना दुखते, त्याला भाकर म्हणजे रेती चावल्यासारखी लागते. जबरदस्ती करण्यापेक्षा पदार्थ बदला.

तिखट, आंबट आणि भेदरं (टमाटे) काही महिने बंद. कोरडी भाकर बंद. आमच्याकडे ज्वारीच्या कण्या आंबट नसलेल्या ताकात किंवा दुधात शिजवून, मऊ मुगाची खिचडी वरून तूप टाकून, आलनात (पीठ लावलेल्या पातळ भाजीत) कुस्करलेली पोळी, बिन-तिखटाचं पातळ पिठलं, शेवया, मॅश केलेलं केळं, उकडलेलं अंडं दुधात मिसळून हे सगळं चाललं. सहा वेळा थोडं थोडं द्या, दोन वेळा ताट भरून नको. लाळ कमी असते म्हणून प्रत्येक घासासोबत पाण्याचा घोट.

म्हाताऱ्या माणसाचे स्नायू लवकर झडतात, ते भरून यायला प्रोटीन लागते. साधारण वजनाच्या दर किलोला एक ते दीड ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, एक मोठा ग्लास दुधात ८ च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात ७. नुसत्या वरणाच्या पाण्यावर हा हिशोब जमत नाही, वरण घट्ट पाहिजे. आपण सोयाबीन पिकवतो आणि सगळं विकून टाकतो, पण ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांमध्ये २५ ग्रॅम प्रोटीन असते, त्या भिजवून शिजवून मिक्सरमधून काढून खिचडीत मिसळल्या तर कळतही नाहीत. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन किती द्यायचं ते आधी विचारा.

वजन दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच काट्यावर. घरी नसेल तर राशन दुकानात किंवा कृषी केंद्रात असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहा. लागोपाठ तीन आठवडे उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

पाणी पिताना दरवेळी ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा येत असेल तर अन्न श्वासनळीत जाऊन राहिलं असू शकते, त्यातून न्यूमोनिया होतो. हॉस्पिटलमध्ये गिळायचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट असतात, त्यांच्याबद्दल विचारा. नाकातून नळी असेल तर बसवून किंवा पाठ चांगली उंच करून भरवा, त्यानंतर तासभर आडवं होऊ देऊ नका, आणि नळी निघाली तर घरी परत घालायचा प्रयत्न अजिबात करू नका.

काड्यांचा हिशोब

तोंडाच्या, घशाच्या पेशंटच्या घरात बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा. ऑपरेशन आणि शेकानंतर जबड्याचे स्नायू आखडत जातात, तोंड उघडणं महिन्यामहिन्याला कमी होते आणि एकदा घट्ट झालं की मोकळं करणं फार अवघड. आधीच सुपारी-तंबाखूच्या खऱ्ऱ्यानं तोंड कमी उघडत असते, त्यात हे. चांगल्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. मामाजींचं एकच जात होतं.

आम्हाला फिजिओथेरपिस्टनं आईसक्रीमच्या काड्या सांगितल्या. आर्वीच्या स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मिळालं, शाळेच्या पोरांच्या हस्तकलेसाठी असते ते. काड्या स्वच्छ धुवून, एकावर एक रचून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये ठेवायच्या, जेवढ्या आरामात मावतात तेवढ्या, मग मधोमध अजून एक काडी हळूच सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. अर्धा-एक मिनिट तसंच धरायचं, सोडायचं, परत. असं दिवसातून पाच-सहा वेळा. पहिल्या दिवशी मामाजींच्या तोंडात ११ काड्या मावल्या. डोळ्यातून पाणी येत होतं, रागानं त्यांनी सगळ्या काड्या आंगणात फेकल्या. नातवानं त्या गोळा केल्या, धुतल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तोच मोजायला बसला, "आबाजी, आज बारा करू." माझ्या सांगण्यानं जे झालं नसतं ते त्या पोराच्या मोजण्यानं झालं. ऑपरेशन नवीन असेल तर सर्जननं हो म्हटल्याशिवाय हे सुरू करू नका.

दातांचं एक लक्षात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जबड्यावर शेक झाले असतील तर दात काढणं आयुष्यभरासाठी धोक्याचं असते, जखम भरत नाही आणि हाड सडू शकते. आमच्याकडे एका दातांच्या डॉक्टरनं काही न विचारता "हलते आहे, काढून टाकू" म्हणत इंजेक्शन भरलं होतं, मी मध्ये पडली म्हणून वाचलो. आधी शेक झाल्याचं सांगा, कॅन्सरच्या डॉक्टरशी बोलायला लावा. रोज मऊ ब्रश आणि फ्लोराईडची पेस्ट. कडूनिंबाची काडी नको, आणि गुडाखू तर नाहीच नाही, ती तंबाखूच आहे.

बाजेवरून उठवणं

थकवा खरा असतो, तो आळस नसतो, आणि कधी कधी वर्षभर राहतो. पण नुसतं पडून राहिल्यानं तो वाढतो, कमी होत नाही. आम्ही बाज छपरीतून काढली आणि दिवसा बसायला हात असलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ढिल्या बाजेवरून म्हाताऱ्या माणसाला उठताच येत नाही, मग तो उठायचंच सोडतो.

पहिला आठवडा फक्त खुर्चीवरून उठणं-बसणं, हाताचा आधार घेऊन पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या आठवड्यात आंगणातून दारापर्यंत. मग मारुतीच्या पारापर्यंत, तिथे बसायचं, गप्पा, परत. रोज वाढवायचं असं नाही, ज्या दिवशी ताप, चक्कर, उलटी असेल त्या दिवशी सुट्टी. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि केमोनंतर किडनी नाजूक असेल तर पाणी कमी पडलेलं चालत नाही. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी वाढवा. मानेचं ऑपरेशन झालं असेल तर खांदा आखडतो, भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आणि काम द्या. जडवालं नाही, पण त्यांचं स्वतःचं. मामाजींकडे आम्ही तुरीच्या शेंगा सोलणं, दुधाचा हिशोब आणि नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं दिलं. आत्याबाई चिडल्या, आजारी माणसाला कामाला लावता म्हणून. पण ज्या दिवशी मजुरांचा हिशोब त्यांच्या हातात परत दिला त्या दिवशी त्यांनी दोन वेळा स्वतःहून जेवण मागितलं.

काही केमोनं हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि तो बरेच महिने राहतो. पायाला काटा रुतला तरी कळत नाही, चुलीतला निखारा लागला तरी कळत नाही. वावरात अनवाणी नको, घरातही मागून पट्टा असलेली चप्पल. रोज रात्री पाय उजेडात पाहा, बोटांच्या मध्येही. संडास आंगणापलीकडे असेल तर वाटेवर रात्रभर एक बल्ब चालू, न्हाणीत धरायला पाईप. म्हातारपणी खुबा मोडला तर कॅन्सरमधून वाचलेला माणूस त्यात जाऊ शकतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, वर्षांनंतरही. त्या हातावर इंजेक्शन, बीपी नको, घट्ट बांगड्या नको. कापूस वेचताना बोंडाच्या टोकानं ओरखडे येतात तेव्हा त्या हातात जुन्या मोज्याची बाही घाला, आणि हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टर.

रात्रीसुद्धा निघायचं अशी लक्षणं

थर्मामीटर घरी पाहिजेच. केमो झाल्यापासून काही आठवडे १००.४ च्या वर ताप म्हणजे इमर्जन्सी, कारण पांढऱ्या पेशी कमी असतात. आमच्या गावातल्या एका काकूंना असा ताप संध्याकाळी आला, घरच्यांनी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहिली, सकाळी त्या शुद्धीवर नव्हत्या. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येतही नाही, नुसतं बरळणं, न ओळखणं, एकदम गळून जाणं एवढंच दिसते, ते तापाएवढंच गंभीर धरा. तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून रक्त, श्वास घ्यायला त्रास, पाणीही न गिळणं, दिवसभर लघवी न होणं, एका पायाला अचानक सूज. १०८ ला फोन करा, फाईलची पिशवी उचला आणि निघा.

दुखण्यासाठी मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नका, त्यातल्या बऱ्याच किडनीला जड असतात. डॉक्टरनं दिलेली दुखण्याची जोरदार गोळी असेल तर सोबत पोट साफ व्हायचं औषधही मागून घ्या.

गप्प बसणं

मामाजी चिडचिडे झाले, मग बोलेनासे झाले. आम्हाला वाटलं मन खचलं. ते खचलं होतंच, पण अजून एक कारण होतं जे तीन महिन्यांनी कळलं. केमोच्या एका औषधानं, सिस्प्लॅटिननं, ऐकू कमी येऊ शकते, आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. नातवाचा आवाज त्यांना येतच नव्हता, आणि लाजेनं ते सांगत नव्हते. कान तपासले, आम्ही समोर बसून, सावकाश आणि खालच्या पट्टीतल्या, जाड आवाजात बोलायला लागलो, तेव्हा ते परत आमच्यात आले.

ताट वेगळं, ग्लास वेगळा असं करू नका, कॅन्सर उष्ट्यानं पसरत नाही. लाळ गळते, चेहरा वाकडा दिसतो म्हणून माणूस स्वतःच बाजूला जाऊन जेवतो, त्याला एकट्याला सोडू नका, तुमचं ताट घेऊन त्याच्याजवळ बसा. झोप नाही, कशात मन नाही, "मी ओझं आहे" असं बोलणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

खर्रा

भेटायला येणाऱ्यांच्या खिशात पन्नी असते. तोच वास, तेच घोटणं, आणि तीस-चाळीस वर्षांची सवय. उपचारानंतर तंबाखू चालू ठेवली तर दुसरा कॅन्सर व्हायचा धोका वाढतो आणि जखमाही नीट भरत नाहीत. मी छपरीच्या खांबावर पाटी लावली, खर्रा बाहेर ठेवून या. लोकं नाराज झाले, होऊ द्या. खरी अडचण घरातच होती, माझे मिस्टर खात होते, आणि बापाला नको म्हणून स्वतः पानठेल्यावर जाणाऱ्या मुलाचं कोणी ऐकत नाही. दोघांनी सोबत सोडला, मिस्टरांना १८००११२३५६ या तंबाखू सोडायच्या हेल्पलाईनचा उपयोग झाला. बिनतंबाखूची सुपारीही नको, सुपारीनंही कॅन्सर होतो.

पैसे आणि प्रवास

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ७० च्या वरच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवर काढून मिळते. योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, तपासणीच्या खर्चातलं काय योजनेत बसते ते त्याला विचारा. हेल्पलाईन १५५३८८. संजय गांधी निराधार योजनेत ६५ च्या आतले कॅन्सर पेशंट बसतात, ६५ च्या वर श्रावणबाळ, महिन्याला १५०० रुपये, उत्पन्नाची अट आहे, अर्ज तहसीलमध्ये. एसटीत ७५ च्या वर तिकीट नाही, ६५ ते ७५ अर्धं. रेल्वेनं तपासणीला जाताना हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या, कॅन्सर पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असते, सोबतच्याला ७५ टक्के सवलत.

तारखा

पहिल्या दोन वर्षांत आजार परत यायची भीती जास्त, म्हणून सुरुवातीला डॉक्टर दर एक-दोन महिन्यांनी बोलावतात, मग अंतर वाढत जाते. सोंगणी आहे, पेरणी आहे म्हणून तारीख चुकवू नका. मधल्या काळात महिन्यातून एकदा टॉर्च लावून तोंड पाहा आणि मान चाचपा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, नवीन गाठ, पांढरा-लाल चट्टा दिसला तर तारखेआधी जा. मानेवर शेक झालेल्यांनी सहा महिने ते वर्षातून एकदा थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्यावी, ते कमी पडलं की परत थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठ येते आणि सगळे म्हणतात वय झालं.

आणि हे सगळं एकाच सुनेच्या डोक्यावर टाकू नका. आमच्याकडे आता भरवणं माझ्याकडे, तारखा आणि एसटी मिस्टरांकडे, रात्री उठणं आठवड्यातून तीन दिवस दिराकडे. हे वाटून घ्यायला आम्हाला पाच महिने लागले, तोपर्यंत माझी कंबर गेली होती.

काड्या नातवाकडेच आहेत. कॅलेंडरवर वजनाच्या आकड्याखाली तो काड्यांचा आकडा लिहितो. या रविवारी वजन ५१, काड्या १९. डॉक्टरांनी दिवाळीनंतरच्या तारखेपर्यंत २० सांगितल्या आहेत.